हे बी जप्त करा

जया परातेच्या दप्तरात सुरी सापडली तेव्हा तिच्या वर्गाच्या बाई यमुताईंना आधी वाटलं, चुकून आली असेल. आठवीच्या मुलींची दप्तरं त्या रोज शाळेच्या फाटकाशी उघडून बघत, आणि दप्तरांतून काय काय निघतं याची आता त्यांना सवय झाली होती. चिंचा निघत, फुटक्या बांगड्या निघत, एकदा एका मुलीच्या दप्तरातून चिमणीचं जिवंत पिल्लू निघालं होतं. पण ही सुरी जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून, वरून सुतळीनं बांधून पुस्तकांच्या खाली ठेवलेली होती; आज पुस्तकं बाहेर काढली म्हणूनच ती दिसली. चुकून आलेल्या वस्तूला कोणी सुतळी बांधत नाही.

"ही कोणाची गं?"

"आमची," जया म्हणाली.

"दप्तरात कशी आली?"

"आईनं ठेवली."

"कशासाठी?"

"मले नाही माहीत, बाई."

ती खोटं बोलत असेल असं तिच्याकडे पाहून वाटत नव्हतं. ती उलट यमुताईंच्या हातातल्या सुरीकडे अशी पाहत होती, की जणू घरून आणलेलं एखादं भांडं कोणी उचलून घेतलं आहे आणि ते फुटेल की काय, अशी तिला भीती वाटते आहे. मागे मुलींची रांग वाढत होती. यमुताईंनी सुरी पदराखाली घेतली आणि जयाला घेऊन त्या मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघाल्या.

दप्तरं तपासण्याचा हुकूम दिवाळीच्या सुटीनंतर आला होता. नागपुरातल्याच कुठल्याशा शाळेत दोन पोरांच्या भांडणात चाकू निघाला होता, आणि आणीबाणीचं वर्ष असल्यामुळे वरून हुकूम सुटायला आणि तो शाळांच्या भिंतींवर लागायला वेळ लागला नाही. शाळेच्या आवारात धारदार, टोकदार, पेट घेणारी किंवा इजा करू शकेल अशी कोणतीही वस्तू आणायला मनाई. आणली तर जप्त करावी. पालकाला बोलावून समज द्यावी. प्रकरण गंभीर असेल तर पोलीस ठाण्यात कळवावं.

हुकूम वाचायला सोपा होता. तो पाळायचा कसा हे मात्र तांडापेठेजवळच्या त्या शाळेत कोणालाच नीट उमजलं नव्हतं. कंपासपेटीतलं कर्कटक टोकदार आहे, मग ते आणू द्यायचं की नाही? भूमितीचे मास्तर म्हणाले, कर्कटक नाही तर वर्तुळ नाही. शिवणाच्या बाईंनी सुयांचं काय ते विचारलं. पोरं पेन्सिलीला टोक काढायला दाढीच्या पत्तीचे अर्धे तुकडे आणत, ते पहिल्याच दिवशी गोळा झाले आणि सगळ्या शाळेच्या पेन्सिली बोथट होऊन बसल्या. शिपाई लहानू मग व्हरांड्यात बसून त्यांना टोकं काढत असे, आणि लहानूच्या हातातली पत्ती धोकादायक का नाही, हे कोणी विचारलं नाही. मुख्याध्यापक मनोहरराव दाणी भले गृहस्थ होते, पण त्या दिवसांत कुठल्याही सरकारी कागदानं त्यांची झोप उडायची. हुकुमाची एक प्रत भिंतीवर होती, दुसरी ते खिशात बाळगत.

सुरी त्यांच्या टेबलावर ठेवली तेव्हा त्यांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

"हे गंभीर आहे की नाही?" त्यांनी यमुताईंना विचारलं.

"काय, सर?"

"प्रकरण. गंभीर असेल तर ठाण्यात कळवायचं. नसेल तर समज द्यायची. गंभीर कशाला म्हणायचं ते यात लिहिलेलंच नाही."

"भाजी चिरायची सुरी आहे, सर."

"त्या शाळेतला चाकूही फळं कापायचाच होता म्हणतात."

यमुताईंनी जयाला जवळ घेतलं. पोरगी हुशार नव्हती आणि मागेही नव्हती. ती रोज यायची, तिसऱ्या बाकावर बसायची, विचारलं तेवढं सांगायची. "जया, रोज आणावी लागते का ही?"

"हो जी. पहिले कैची राहे. आता सुरी राहते."

"केव्हापासून?"

"दसरा झाला तवापासून."

"आणि संध्याकाळी?"

"आई कामावून आली का तिच्या हातात द्या लागते. तिच्याच हातात." मग तिला एकदम काळजी वाटली. "बाई, आज नाही देल्ली तर आई मले काय म्हणन?"

मनोहररावांनी सुरी चिंधीत परत गुंडाळली, लोखंडी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. उद्या आईला घेऊन ये, असं जयाला सांगितलं. ती गेल्यावर त्यांनी कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

यमुताईंना त्या दिवशी शिकवण्यात लक्ष लागेना. एखादी आई आपल्या पोरीच्या दप्तरात सुरी का ठेवेल? त्यांना एकच कारण सुचत होतं. तेरा-चौदा वर्षांची मुलगी, जाण्यायेण्याचा रस्ता रेल्वेलाइनच्या बाजूनं, कोणीतरी मागे लागत असेल. यमुताई स्वतः शहरातल्याच इंदोऱ्याच्या. त्यांच्या वस्तीतून शिकायला बाहेर पडलेल्या पहिल्या दोन-चार मुलींमध्ये त्या होत्या आणि असल्या रस्त्यांची भीती त्यांना चांगली ठाऊक होती. शाळा सुटल्यावर त्या जयाबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत चालत गेल्या. पानठेल्यापाशी काही माणसं उभी होती, त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

"रस्त्यात कोणी त्रास देते का तुले?" यमुताईंनी विचारलं. घरची बोली अशा वेळी त्यांच्या तोंडात आपोआप येई.

जयानं विचार केला. "एक कुत्रं हाय. पण ते माह्यावर नाही भुंकत."

यमुताई परत फिरल्या. म्हणजे हेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जयाची आई आली. कांताबाई संत्रा मार्केटमध्ये पेट्या भरायच्या कामाला जायची आणि तशीच कामावरून उठून आली होती. पदराला गवताच्या काड्या चिकटलेल्या, हातांना संत्र्याचा वास. खोलीत येऊन ती उभीच राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

मनोहररावांनी समज द्यायला सुरुवात केली. त्यांनी हुकूम वाचून दाखवला, मुलीचं वय सांगितलं, असल्या वस्तूंनी काय होऊ शकतं ते सांगितलं. कांताबाई ऐकत होती. शेवटी त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही हे मुलीच्या दप्तरात ठेवता कशाला?"

"घरी ठेवता येत नाही जी."

"का?"

कांताबाईनं यमुताईंकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे.

"शेजारी ठेवा. पेटीत ठेवा."

"पेटीले कुलूप नाही. अन् शेजारी..." ती थांबली. "शेजारी नाही ठेवता येत."

मनोहरराव वैतागले नाहीत, पण त्यांचा आवाज चढला. "हे बघा, ही आता तुम्हाला परत मिळणार नाही. जप्त झालेली वस्तू आहे. वरून काही सूचना येईपर्यंत ती या कपाटात राहील."

कांताबाईनं पहिल्यांदा मान वर केली. "कपाटाले कुलूप हाय?"

"आहे."

"चाबी कोणापाशी राहते?"

"माझ्यापाशी. कुणाच्या हातात देत नाही मी."

कांताबाईनं सुस्कारा टाकला. तिच्या खांद्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखी ती सैल झाली. "मंग राहू द्या जी," ती म्हणाली. "चांगलं झालं." तिनं हात जोडले आणि ती निघून गेली.

मनोहररावांनी यमुताईंकडे पाहिलं. "मी तिला समज दिली ना?"

"दिली, सर."

"मग ती खूश का झाली?"

यमुताई खिडकीशी गेल्या, पण कांताबाई फाटकाबाहेर पडलीही होती.

त्याच्या दुसऱ्या सकाळी जया फाटकाशी आली ती दप्तराबरोबर एक गाठोडं घेऊन. रांगेत उभी राहिली, पाळी आली तशी तिनं गाठोडं यमुताईंच्या हातात दिलं. जड होतं. आत भाजी चिरायची पावशी होती, लाकडी पाटासकट. मोठी कैची होती, आणि कागदात गुंडाळलेल्या दाढीच्या पत्त्या.

"हे काय?"

"आईनं सांगतलं, हे बी जप्त करा."

मागच्या मुली हसल्या. जयाला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही आणि यमुताईंनाही हसू आलं नाही. सुरी, कैची, पावशी, पत्त्या. या घरात धार असलेलं आता काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी त्या जयाच्या घरी गेल्या.

तांडापेठेतल्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांचा खटखट आवाज येत होता. कोष्ट्यांची वस्ती, घरोघरी हातमाग, दारातून सुताच्या लडी लोंबलेल्या. जया एका घरापुढे थांबली. त्या घरातून आवाज येत नव्हता. कांताबाई अजून आली नव्हती. ओट्यावर जयाचा बाप धोंडबा बसला होता. यमुताईंना पाहून तो उठला, आत जाऊन चटई आणली, झटकून टाकली.

"बसा जी, बाई. जया, पाणी आण."

यमुताईंनी मनात काहीतरी वेगळंच चित्र आणलं होतं. दारूडा, तांबारलेले डोळे, आरडाओरडा. हा माणूस हळू बोलत होता आणि त्याच्या बोलण्यात एक अदब होती. दाढी वाढलेली होती, एवढंच. त्यानं जयाच्या गणिताची चौकशी केली. आतल्या मागाकडे बोट दाखवून, लुगड्याचा काठ विणताना दोन्ही बाजूंना सारखी ओढ कशी ठेवावी लागते, ते सांगितलं. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा नव्हता. नुसती लाकडं उभी होती.

"सध्या काम बंद आहे का?" यमुताईंनी विचारलं.

"हो जी. बंद हाय." त्यानं चटईचा कोपरा सरळ केला. मग म्हणाला, "सूत नाही असं नाही. सूत देते सेठ. मनच होत नाही."

चहा झाला. चहा जयानं केला. यमुताई गोंधळून गेल्या. आपण कुणाच्या संसारात विनाकारण नाक खुपसतो आहोत असं त्यांना वाटायला लागलं. कदाचित कांताबाईच विचित्र असेल. कदाचित या सगळ्याला काही साधंच कारण असेल. त्या निघाल्या तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कांताबाई भेटली. यमुताईंना पाहून ती जागच्या जागी थांबली.

"घरी गेल्ता?"

"हो."

"काही बोलले थे?"

"नाही. चहा पाजला. चांगले बोलले."

"तसंच बोलतात," कांताबाई म्हणाली. "तोच तर वांधा हाय, बाई. सगळ्याईशी चांगलं बोलतात." तिनं यमुताईंना हाताला धरून नळाच्या बाजूला नेलं. तिथं बायकांची गर्दी ओसरली होती. "दसऱ्याच्या पहिले मी कामावून आली तं मागावरचा सारा ताणा कापून ठेवला होता त्याईनं. अर्धं लुगडं झालेलं होतं. मी म्हटलं, काहून असं केलं? तं म्हणे, मले नाही माहीत. मंग चार दिसानं..." तिनं आपल्याच मनगटाकडे पाहिलं आणि पदर त्यावर ओढून घेतला. "जयाले नाही माहीत. मी तिले म्हटलं, भांडं लागलं बाबाले. त्या दिवशी मी घरी नसती येल्ली तं..."

यमुताईंनी तिच्या पदराला चिकटलेली गवताची काडी काढली.

"दिवसभर घरी कोणी नाही राहत. मी कामावर, पोट्टी शाळेत. काय काय लपवू घरात? शेजारणीले देल्लं तं ती इचारन काहून. मंग सारा मोहल्ला पागल म्हणन त्याईले. शाळेत कोणी काही करत नाही, म्हणून तिच्या दप्तरात घालून देत होती. शाळा चांगली जागा हाय जी."

"कांताबाई, डॉक्टरले दाखवा लागते हे."

"पागलखान्यात?" कांताबाईनं मान हलवली. "तिथं गेला का माणूस तिथलाच झाला. नाही, बाई. तुमी कोणाले सांगू नका. तेवढं ठेवून घ्या कपाटात."

यमुताईंनी कोणाला सांगितलं नाही. पण मनोहररावांना सांगावंच लागलं, कारण ते मधल्या सुटीत स्वतःच त्यांच्याकडे आले. शाळातपासणी पंधरवड्यात होणार असल्याचं त्यांना कळलं होतं आणि कपाटात पावशी होती.

"हे पाहा," ते खिशातला हुकूम काढून म्हणाले. "शाळेच्या आवारात अशी वस्तू असता कामा नये. आणि आपल्या आवारात आज सगळ्यात जास्त अशा वस्तू कुठे असतील, तर माझ्या कपाटात. मी जप्त केल्या म्हणून त्या आवारात आल्या. नसत्या केल्या तरी आवारातच होत्या. मग मी नियम पाळला की मोडला?"

"ठाण्यात देऊ नका, सर. ठाण्यात दिलं की पोलीस त्यांच्या घरी जातील."

"का जाऊ नयेत?"

तेव्हा यमुताईंनी सांगितलं. मनोहररावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हुकूम काढणाऱ्यांनी असा विचार केला नसणार," ते शेवटी म्हणाले. "त्यांना वाटलं, धोका घरून शाळेत येतो."

"मी माझ्या घरी नेऊन ठेवते."

"जप्त केलेली वस्तू शिक्षिकेच्या घरी? ते तर आणखीच नियमाबाहेर आहे." पण त्यांनी ठाण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. गाठोडं तिथेच राहिलं.

काही दिवसांनी धोंडबा शाळेत आला.

दुपारची वेळ होती. तो धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून आला होता. दाढी आणखी वाढलेली. लहानूनं त्याला मुख्याध्यापकांच्या खोलीत आणलं, आणि मनोहररावांनी घाईनं यमुताईंना वर्गातून बोलावून घेतलं.

"माही कैची तुमच्यापाशी हाय म्हणते पोट्टी," धोंडबा म्हणाला. "ती पायजे होती जी. सेठनं सूत देल्लं. उद्यापासून काम सुरू करा म्हणतो. कैचीशिवाय सूत कसं कापावं?"

मनोहरराव आणि यमुताई एकमेकांकडे पाहू लागले.

"तुमच्या पत्नीनं ती ठेवायला दिली आहे," मनोहरराव म्हणाले.

"माहीत हाय मले. तिले वाटते, मले समजत नाही वस्तू कुठी जाते." तो थोडा हसला. "घरात पत्ती बी नाही ठेवत थे. पाहा दाढी कशी वाढली."

मनोहररावांचा हात नकळत खिशाकडे गेला. हुकुमात लिहिलं होतं, पालकाला समज द्यावी. वस्तू पालकाला परत द्यावी की नाही, याबद्दल एक शब्द नव्हता. बाप पालक होता. आईही पालक होती. आई म्हणाली ठेवा, बाप म्हणत होता द्या. बाप शांत होता, काम मागत होता. काम सुरू झालं तर त्याचं मन ताळ्यावर येईल, असंही वाटत होतं. आणि नाही आलं तर? ते यमुताईंकडे वळले. "तुम्ही सांगा. काय करायचं?"

यमुताईंनाही ठरवता येत नव्हतं. नाही म्हटलं तर या माणसाच्या हातचं काम जातं आणि आपण त्याला तोंडावर वेडा ठरवतो. हो म्हटलं तर उद्या संध्याकाळी कांताबाई कामावरून घरी येईल आणि... त्यांनी पुढचा विचार केला नाही. त्या धोंडबाच्या समोरच्या बाकावर बसल्या.

"धोंडबाजी, तुम्हीच सांगा. देऊ का?"

त्याला हे अपेक्षित नव्हतं. कोणी नाही म्हणेल, कोणी भांडेल, याची तयारी करून तो आला होता. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बाहेर पाचवीचा वर्ग पाढे म्हणत होता. धोंडबा ते ऐकत असल्यासारखा बसून राहिला.

"घरून निंगलो तवा वाटत होतं, घ्यावं अन् कामाले लागावं," तो म्हणाला. "आता तुमी इचारलं तं... नाही सांगता येत जी."

"काहून?"

"सकाळी एक वाटते, दुपारी दुसरं वाटते. तो ताणा मीच कापला. माह्याच हातानं. पण कापत होतो तवा मी काय इचार करून राहिलो होतो, ते आठवत नाही. मले वाटते उद्या बी आठवणार नाही." त्यानं मनगट टोपीखाली घेतलं. "आज नका देऊ."

मनोहररावांनी तोंड फिरवलं. यमुताई पुढे झुकल्या.

"मग माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

"पागलखान्यात मी नाही येत."

"मेडिकलला, मोठ्या सरकारी दवाखान्यात. तिथं सगळेच जातात. ताप आला तरी जातात."

धोंडबानं यावर विचार केला. "कांताले इचारा लागन."

"ती नाही म्हणेल."

"हो," तो म्हणाला. "नाहीच म्हणन थे." आणि मग टोपी डोक्यावर ठेवत, "आताच चला मंग."

यमुताई उठल्या. त्यांचा वर्ग तसाच बसला होता, अर्ज नव्हता, रजा नव्हती. त्यांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, तर मनोहरराव खुंटीवरची टोपी घेत होते. "तिथल्या नोंदणीवर आमच्या नात्यातले एकजण आहेत," ते म्हणाले. "मी आलो तर रांगेत कमी बसावं लागेल." लहानूला त्यांनी आठवीचा वर्ग सांभाळायला सांगितलं आणि दोन सायकलरिक्षा बोलावल्या.

मेडिकलला नात्यातले गृहस्थ त्या दिवशी कामावर नव्हतेच. तिघं संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिले. मनोहररावांनी धोंडबाला, लुगड्याचा काठ वेगळा विणून जोडतात की एकत्रच विणतात, असं विचारलं, आणि धोंडबा त्यांना समजावून सांगत बसला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी धोंडबाला आत घेतलं तेव्हा दार लोटलं गेलं, आणि आत काय बोलणं झालं ते कधीच कोणाला कळलं नाही. बाहेर आल्यावर त्याच्या हातात गोळ्यांची पुडी होती आणि चेहऱ्यावर रडून गेल्यासारखं काहीतरी होतं.

त्या संध्याकाळी तांडापेठेच्या गल्लीनं पाहिलं, की शाळेचे मोठे सर आणि बाई धोंडबा पराते याला रिक्षात घालून घरी आणत आहेत. दिवे लागायच्या आत सगळ्या मोहल्ल्याला कारण माहीत झालं होतं. कांताबाई ओट्यावर उभी होती. तिनं नवऱ्याला आत नेलं, बाहेर येऊन यमुताईंपुढे उभी राहिली.

"तुमाले सांगतलं होतं, कोणाले सांगू नका म्हणून."

"ते स्वतः आले, कांताबाई."

"त्याईले काय समजते? तुमाले समजत होतं ना?" ती ओरडली नाही. दार लावून घेतलं.

यमुताई त्या रिक्षातून घरी गेल्या तेव्हा त्यांना रडू येत होतं, आणि आपण बरोबर वागलो की चूक, याचा हिशेब काही केल्या लागत नव्हता. बरोबर वागलो असतो तर ही बाई अशी का बोलली असती? चूक वागलो असतो तर तो माणूस आपण होऊन चला का म्हणाला असता?

पुढे शाळातपासणी झाली. अधिकाऱ्यांनी भिंतीवरचा हुकूम पाहिला, बरं आहे म्हणाले, चहा घेतला. कपाट उघडा असं त्यांनी म्हटलं नाही. मनोहरराव दिवसभर कपाटाकडे पाठ करून उभे होते. धोंडबा दर पंधरवड्याला मेडिकलला जाऊ लागला, पहिल्यांदा मनोहररावांबरोबर, मग एकटा. गोळ्यांनी त्याला झोप फार यायची, आणि महिनाभर तो मागाला हातही लावू शकला नाही. मोहल्ल्यात लोक बोललेच. जयाला दोन-तीन मुलींनी चिडवलं, एकीशी तिचं भांडणही झालं. मग पतंगांचे दिवस आले आणि पोरांना बोलायला दुसरं मिळालं. सुरी कांताबाईनं होळीच्या सुमारास येऊन परत नेली, आणि नंतर एक-एक करून बाकीचं. दर वेळी ती मनोहररावांकडून घेई, यमुताईंशी बोलत नसे. वर्गाच्या दारावरून जाताना पदर सावरून पुढे बघत जाई.

धोंडबानं उन्हाळ्यात पुन्हा ताणा लावला. काही दिवस विणायचा, काही दिवस नुसता मागापाशी बसून राहायचा. जयानं एकदा सांगितलं की बाबा पहिलेसारखे हसत नाहीत पण जेवतात नीट.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी कांताबाई जयाला नववीत बसवायला आली. यमुताई व्हरांड्यात होत्या. कांताबाई समोरून आली आणि या वेळी पुढे निघून गेली नाही. व्हरांड्यातून पोरं धावत होती.

"बाई," कांताबाई म्हणाली, "त्या गोळ्या किती वर्ष घ्या लागते?"

"मला नाही माहीत, कांताबाई."

"डॉक्टरले बी इचारलं. तो म्हणे, पाहू." ती व्हरांड्याच्या कठड्याला टेकली. "गोळी घेतली का झोपतात. नाही घेतली का मले झोप लागत नाही. मंग कोणतं चांगलं?"

यमुताई तिच्या शेजारी कठड्याला टेकल्या. काहीतरी सांगावं असं त्यांना फार वाटत होतं, पण खरं असेल असं काही सुचेना. "पुढच्या वेळी मी येते तुमच्यासंगं डॉक्टरकडे," त्या म्हणाल्या. "दोघी मिळून इचारू."

कांताबाईनं मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, ते त्या गोंगाटात यमुताईंना नीट कळलं नाही.